गुडघा वाकत होता

माझ्या मुलीचा पाय टेम्पोच्या धडकेने अधू झाला, असं आमच्या नात्यातले सगळे समजतात. ती गेली तेव्हा भेटायला आलेली माणसं तेच म्हणत होती, "त्या टेम्पोवाल्याने पोरीचं आयुष्य घालवलं." मी मान हलवत होतो. मान हलवायची मला सवय झाली होती. हे लिहायला मी याआधीही बसलो होतो, पण दर वेळी भलतंच काही तरी लिहून उठलो: नोकरीतले दिवस, गावचं घर, चाळीतले गणपती. आता घरात मीच उरलो आहे. खरं काय झालं ते माझ्यानंतर सांगणारं कोणी नाही, म्हणून लिहितो. टेम्पोने तिच्या मांडीचं हाड मोडलं. ते हाड जुळून आलं. गुडघा मी घालवला.

आम्ही तेव्हा घाटकोपरला राहत होतो, असल्फ्याकडच्या डोंगरउतारावर. रस्त्यापासून आमच्या खोलीपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. मी मरोळच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होतो. मुलगी कॉलेजात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. केमिस्ट्री घेतली होती. घरी आली की तिच्या हातांना प्रयोगशाळेचा वास यायचा आणि तिची आई म्हणायची, "आधी हात धू, मग डब्याला हात लाव." हुशार होती, आणि तोंडाने फटकळ. चाळीत तिच्याशी वाद घालायला मोठी माणसंही कचरायची.

एके सकाळी लिंक रोडवर बस पकडायला धावताना तिला टेम्पोने उडवलं. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, मांडीत स्टीलची पट्टी बसवली, मग बरेच आठवडे प्लॅस्टर. प्लॅस्टर काढलं तेव्हा हाड चांगलं जुळलेलं होतं, पण गुडघा लाकडासारखा ताठ. डॉक्टर म्हणाले, यात घाबरण्यासारखं काही नाही. इतके दिवस पाय हलला नाही की गुडघा आखडतो. व्यायामाने सुटेल. मात्र दुखेल, फार दुखेल.

आणि दुखायचंच. हॉस्पिटलात व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई होत्या. त्या तिचा पाय धरून दाबायच्या, आणि बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या आईला आतला ओरडा ऐकू यायचा. घरी खाटेच्या कडेला बसून घोट्याला वाळूची पिशवी बांधायची, ती पिशवी मीच कारखान्यातल्या ताडपत्रीच्या तुकड्याची शिवून घेतली होती. रविवारी तिची आई जमिनीवर खडूने रेघ मारायची, टाच कुठवर मागे येते त्याची. रेघा हळूहळू खाटेखाली आत सरकत होत्या. काठी सुटत आली होती. खालच्या नळापर्यंत ती काठीशिवाय जाऊन यायची आणि वर येऊन दारात उभी राहून म्हणायची, "बाबा, मेडल कुठंय?"

हे सगळं चाललं होतं त्या वर्षी आमच्या कारखान्यात पगारवाढीचा करार झाला आणि मागची थकबाकी एकदम हातात आली. ती आली तशी ऑपरेशनच्या उसनवारीत गेली. फेब्रुवारीत अकाउंट्सने कळवलं की थकबाकीमुळे माझा टॅक्स वाढला आहे आणि तो उरलेल्या दोन पगारांतून कापणार. त्या दोन महिन्यांत हातात जवळजवळ काहीच पडणार नव्हतं.

अकाउंट्समध्ये माझ्या शेजारच्या गावचा एक माणूस होता. सगळ्या कारखान्याची मेडिकलची बिलं, विम्याच्या पावत्या त्याच्या टेबलावरून जायच्या. कुणाला कुठे किती सूट बसते हे त्याला तोंडपाठ. मी त्याच्यासमोर जाऊन नुसता उभा राहिलो.

"काय रे, तोंड असा कित्याक?" तो आमच्या मालवणीत म्हणाला.

मी सांगितलं.

"मग चेडवाच्या पायाचो खर्च दाखव मा!" आणि मग आजूबाजूला लोक आहेत हे बघून मराठीवर आला. "अरे, कायद्यात सोय आहे. घरातलं कोणी अपंग असेल, तुझ्यावर अवलंबून असेल, त्याच्यावर तू खर्च करत असशील, तर सूट मिळते. पोरगी कॉलेजात आहे, कमवत नाही. बसतं ना? फक्त सरकारी डॉक्टरचं सर्टिफिकेट आण. कायमचं अपंगत्व, असं लिहिलेलं पाहिजे."

"कायमचं नाहीये रे. बरी होतेय."

"होऊ दे ना बरी! कागदाला काय कळतं?"

खर्च खरा होता, पै न् पै खरी होती. म्हणून मला वाटलं, एका शब्दाचा तर प्रश्न आहे.

मी एकटाच हॉस्पिटलात गेलो. मुलीला नेलं नाही. तिच्यावर उपचार करणारा डॉक्टर तरुण होता, रात्रपाळी करून डोळे लाल झालेला. त्याने पेपर बघितले आणि म्हणाला, "काका, हिचा गुडघा सुटतोय. कायमचं कसं लिहू?"

मी हात जोडले. दोन पगार कसे जाणार ते सांगितलं, उसने कुणाकुणाचे आहेत ते सांगितलं. खरं तेच सांगितलं, पण रडवेला चेहरा मुद्दाम केला होता, हेही इथे सांगायला हवं. बाहेर पेशंटची रांग होती. शेवटी त्याने लिहून दिलं. कागद माझ्या हातात देताना मात्र तो सोडला नाही, धरूनच ठेवला.

"एक ऐका. हे कागदापुरतं. तिचा व्यायाम एक दिवसही चुकता कामा नये. हेच महिने कामाचे आहेत. आत्ता सोडलं तर गुडघा जिथे आहे तिथेच धरेल, मग कोणाच्या बापाला काही करता येणार नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो.

कळलं होतं. न कळून काही घडलं, असं मला म्हणता येणार नाही.

सर्टिफिकेट जोडलं गेलं, पगार वाचले. घरी मी बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की सरकारकडून पैसे सोडवून आणले. मुलीला सांगितलं नाही. आपल्या नावापुढे अपंग लिहिलंय हे ऐकून तिला वाईट वाटेल, असं कारण मी स्वतःला दिलं.

पुढे एकदा कँटीनमध्ये जेवताना अकाउंट्सचा तोच माणूस रंगात येऊन सांगू लागला, "अंधेरीच्या एका कंपनीतली गंमत ऐकली काय? एकाने बापाला आंधळा दाखवला टॅक्ससाठी. इन्कम टॅक्सवाले आले की घरी! आणि म्हातारा दारात बसून पेपर वाचतोय!"

सगळं टेबल हसलं. "चष्मा तरी लावला होता का?" कोणी तरी विचारलं. पुन्हा हसले. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "हे खरंच झालं?"

"असं ऐकलंय."

"आपल्याकडे येतील?"

"येतील नाय तर नाय येणार. तू कशाला घाबरतोस? पोरगी लंगडते ना अजून?"

त्या संध्याकाळी मी बसमधून उतरून पायऱ्या चढत होतो, आणि वरून ती उतरत होती. काठी नव्हती. बरोबर मैत्रीण, दोघी कशावर तरी खिदळत होत्या. शेजारच्या काकू ओट्यावरून ओरडल्या, "आता पळायलाच लागशील गं तू!" तिने तिथल्या तिथे दोन पावलं पळून दाखवली, वेडीवाकडी, कठड्याला धरून. सगळ्या हसल्या. कोणत्याही बापाने त्या पायरीवर उभं राहून देवाचे आभार मानले असते. माझ्या मनात आलं, उद्या कोणी चौकशीला आलं तर ही काकूच सांगेल. सगळी चाळ सांगेल.

रात्रीची जेवणं व्हायची होती. तिची आई भाकऱ्या थापत होती. मुलगी खाटेवर बसून घोट्याला पिशवी बांधत होती. मी म्हणालो, "ती पिशवी राहू दे. आज हॉस्पिटलात गेलो होतो मी."

"का? माझी तारीख तर परवा आहे."

"कामासाठी गेलो होतो. डॉक्टर भेटले. ते म्हणाले, आता व्यायाम बंद करा. गुडघा जेवढा सुटायचा तेवढा सुटला. आणखी ताण दिला तर आतली पट्टी हलेल. आणि काठी घेऊनच चालायचं. तारखेलाही आता यायला नको."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कधीपर्यंत?"

"आता हे असंच, म्हणाले."

"असंच म्हणजे? नेहमीचं?"

मी मान हलवली. तिने पिशवीची गाठ सोडली. मग म्हणाली, "मग एवढे दिवस मला रडवलं कशाला त्यांनी?"

भाकरी जळल्याचा वास आला.

ती बाहेर नळावर गेली तेव्हा बायकोने विचारलं, "अहो, खरंच डॉक्टर असं म्हणाले?"

"हो."

"माझ्याकडे बघून सांगा."

मी तिला खरं सांगितलं. थोडे महिने जाऊ देत, टॅक्सचं असेसमेंट एकदा झालं की पुन्हा व्यायाम सुरू करू, असंही सांगितलं. ती म्हणाली, "पोरीला आत्ता सांगते मी." तेव्हा मी तिला म्हणालो, "सांग. आणि मग मला जेलमध्ये डबा घेऊन ये." ती बाई सातवीपर्यंत शिकलेली, कोकणातून लग्न होऊन आलेली. पोलीस आणि कोर्ट या शब्दांनीच तिचे हातपाय गार व्हायचे, हे मला माहीत होतं. तिने पोरीला सांगितलं नाही. पुढे आमच्या घरात ती माझ्याशी कामापुरतंच बोलत गेली. तिच्यावर या गोष्टीचा काडीचाही दोष नाही.

हॉस्पिटलच्या तारखा गेल्या. व्यायामाच्या बाईंनी एकदा आमच्या डोंगरावरच्याच एका पेशंटबरोबर निरोप पाठवला, का येत नाही म्हणून. निरोप घरात आला तेव्हा नेमका मीच होतो. "येईल म्हणून सांग," मी म्हणालो, आणि मुलीला कळू दिलं नाही.

चौकशीला कोणी आलं नाही. पोस्टाने एक कागद आला, त्यात माझा हिशोब जसाच्या तसा मान्य केलेला होता. कोणी त्याच्याकडे नीट बघितलंही नसेल. त्या अंधेरीच्या म्हाताऱ्याची गोष्ट खरी होती की कँटीनमधली बात, तेही मला कधी कळलं नाही.

कागद आला त्याच संध्याकाळी मी माळ्यावरून वाळूची पिशवी काढली. म्हणालो, "जरा करून बघू या पुन्हा."

"कशाला? पट्टी हलेल म्हणालेत ना?"

"थोडं करायला हरकत नाही."

माझ्या समाधानासाठी ती बसली. पिशवी बांधली. पाय खाली गेलाच नाही. मी घोटा धरून हलकेच दाबला तर ती किंचाळली आणि मला ढकलून म्हणाली, "बाबा, सोडा! डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्हीच ऐकत नाही!" त्या क्षणी सांगून टाकलं असतं तर कदाचित दुसरं ऑपरेशन, दुसरा डॉक्टर, काही तरी झालं असतं. मी पिशवी सोडली आणि पुन्हा माळ्यावर टाकली.

पुढच्या वर्षी मी तीच सवलत पुन्हा घेतली. आता तिच्यात खोटं काही नव्हतं.

ती बी.एस्सी. चांगल्या मार्कांनी पास झाली. तिच्या प्राध्यापकांच्या ओळखीने अंधेरीतल्या एका औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत जागा होती. माझ्या कारखान्यापासून फार लांब नाही, दोघांना एकाच बसने जाता आलं असतं. तिला तिथे बोलावलं. ती जाऊन जागा बघून आली आणि दाराशी काठी टेकवत म्हणाली, "उंच टेबलं आहेत. दिवसभर उभं राहायचं. आधी मेडिकल तपासणी. मी नाही सांगून आले."

"तपासणी करून तरी बघायची," तिची आई म्हणाली.

"आई, कायमचं आहे ते. तपासून काय बदलणारेय? उगीच चार माणसांसमोर पाय दाखवा." मग हसून म्हणाली, "माझा पाय म्हणजे आता आपल्या दाराचा अडसर झालाय. आडवा येतो, पण वाकत नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी वर्तमानपत्र उघडलं.

नंतर तिने आयुष्यभर शिकवण्या घेतल्या. डोंगरावरची मुलं यायची, पुढे आम्ही मुलुंडला घर घेतलं तिथलीही. मुलं सतरंजीवर, ती स्टुलावर, पाय समोर सरळ. चाळीतल्या संडासात तिला बसता यायचं नाही, म्हणून सुताराकडून मध्ये भोक पाडलेली खुर्ची करून घेतली होती. ती खुर्ची मी रोज सकाळी रांगेत नेऊन ठेवायचो आणि आणायचो. लोक म्हणायचे, बाप असावा तर असा. लग्नाचं एक-दोनदा बघितलं. एका मुलाच्या आईने विचारलं, "खाली बसून पूजा तरी करता येईल का?" मुलगीच उत्तरली, "देव खुर्चीवर बसला तर येईल." ते लोक परत आले नाहीत. तिने पुढे बघू दिलं नाही.

बायको गेली, ती हे पोटात घेऊन गेली. आजारपणात एकदाच म्हणाली, "तुम्ही सांगा हं तिला." मी हो म्हणालो.

मुलीचा दुसरा पाय त्यानंतर दुखायला लागला. सगळा भार त्याच्यावर. मुलुंडमध्येच एका हाडाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जुन्या पायाचा एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाले, "हाड तर सुरेख जुळलंय. गुडघा कसा असा राहिला? तेव्हा व्यायाम केला नव्हता?"

"करत होते. चांगला वाकायला लागला होता," ती म्हणाली. "मग डॉक्टरांनीच बंद करायला सांगितलं."

"बंद करायला? कोणता डॉक्टर असं सांगेल?" ते हसलेच. "तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"नाही. बाबांना सांगितलं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "फार जुनी गोष्ट आहे. नीट आठवत नाही." रिक्षात ती कडेला बसली होती, पाय तिरका करून. उतरताना मी हात पुढे केला, तो तिने धरला. तिला तेव्हा कळलं का, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारत आलो आहे. कळलं असेल तर तिने मला कधी जाणवू दिलं नाही. माझ्या गोळ्या वेळेवर दिल्या, माझं जेवण बघितलं. फक्त ज्या गोष्टी पूर्वी थट्टेने बोलायची त्यांत तो पाय पुन्हा कधी आला नाही.

शेवटी ती काविळीने गेली, थोडक्या दिवसांत. हॉस्पिटलात मी दिवसभर तिच्यापाशी बसायचो. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या सुना यायच्या-जायच्या, डबे उघडायचे, वॉर्डातली आया सगळ्यांना आवाज देत फिरायची. एका दुपारी जरा शांत होतं. ती जागी होती. मी खुर्ची जवळ ओढली.

"तुला एक सांगायचंय. त्या वेळचं. तुझ्या व्यायामाचं."

तिने डोळे माझ्याकडे वळवले. पिवळे पडले होते.

"बाबा, आत्ता नको," ती म्हणाली. "दमलेय मी."

"बरं," मी म्हणालो. "उद्या बोलू."

मला सुटका झाल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर नव्हती. मी तिच्या कानाशी वाकलो होतो, पण आया चादर बदलायला आली, म्हणाली, "आजोबा, जरा बाहेर थांबा," आणि मी बाहेर जाऊन थांबलो. तिच्या कानाशी मला एवढंच म्हणायचं होतं: पोरी, डॉक्टर तसं म्हणाले नव्हते, ते मी माझ्या मनाने सांगितलं, तुझा गुडघा बरा होत होता, मला माफ कर.